बायजाबाईच्या मेंढरांत उतरलेलं विमान

बीडजवळच्या आमच्या पाली गावातल्या घरात त्या हिवाळ्यात दोन वास मुक्कामाला आले होते. एक जवसाच्या तेलाचा, दुसरा पेट्रोलचा. आई म्हणायची, भाकरीला वास, दह्याला वास, देवघरातल्या तुळशीच्या पानालासुद्धा वास. वास खरं तर नानाकाकाच्या अंगाला होता. पण नानाकाका दिवसातून दहा वेळा चुलीपाशी यायचा, कधी राख न्यायला, कधी फडकं मागायला, कधी नुसताच शेंगदाण्याच्या चटणीचं बोट चाटायला. आई तवा सोडून उलथनं उगारायची. "भावजी, तितंच उभं ऱ्हावा! अंगाला पेट्रोल लावून चुलीपाशी येता, पेटला म्हंजे?" मग उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे भाकरी फेकली जायची आणि नानाकाका ती चेंडूसारखी झेलायचा. भाकरी कधी खाली पडली नाही हे मला नक्की आठवतं. सकाळी काय खाल्लं ते आता आठवत नाही, पण त्या भाकऱ्या आठवतात.

नानाकाका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांना घरात सगळेच दादा म्हणायचे, मीही. काका हैदराबादेला एका नवाबाच्या मोटारखान्यात मिस्तरी होता. नवाबाला मोटारींचा कंटाळा आला तसं त्याने विलायतेहून एक छोटं विमान मागवलं, आणि विमानाचाही कंटाळा येईपर्यंत त्याची देखभाल काकाकडे होती. नवाब हौशी आणि मोकळा माणूस. विमान घेऊन निघाला की काकाला शेजारी बसवायचा, वर गेल्यावर दांडी त्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः डबा उघडून पान लावायचा. अशा पानापानाने काका उडवायला शिकला. पुढे नोकरी सोडून गावी आला तेव्हा बायको, एक ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेलं मोटारीचं जुनं इंजिन एवढं त्याच्या गाडीत होतं. सोनाकाकू गाडीतून उतरत आईला म्हणाली, "आक्का, दागिने इकले आन् ह्ये घेतलं." आईला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. खळ्याच्या कडेला कडब्याच्या गंजीआड काकाने मांडव घातला आणि ज्ञानबा सुताराला हाताशी धरलं. दिवसभर तासणीचा खटखट आवाज. सागवानाचं धूड, वेळूच्या फासळ्या, मोटारसायकलची दोन चाकं आणि शिसवीच्या एका ओंडक्यातून कोरून काढलेला पंखा. हा पंखा ज्ञानबाने तीनदा केला. पहिले दोन काकाने दोरीला टांगून तोलले आणि म्हणाला, "ज्ञानबा, एक बाजू जड हाय बे." ज्ञानबा वैतागून म्हणाला, "जन्मभर नांगर केले, कुणी दोरीला टांगून न्हाई बघितलं." तिसरा मात्र असा तोलला गेला, की त्यावर माशी बसली तर खाली जाईल. पंखांवर चढवायचं कापड शिवायचं काम सोनाकाकूकडे आणि माझ्याकडे आलं. मांजरपाटाचे तागे पसरून आम्ही दोघी दोन बाजूंनी टाके घालत यायचो. बोटभर अंतरावर टाका, दर टाक्याला गाठ, आणि गाठ काका नखाने ओढून बघणार. कापडावर मग तेलाचे हात. उन्हात वाळलं की टिचकी मारावी आणि डफासारखा आवाज यावा. मी तेव्हा तेरा वर्षांची. शाळा गावात नव्हतीच. पण कापड ताणलेलं आहे की ढिलं, हे आवाजावरून ओळखणारी त्या मुलखात मी एकटीच असेन.

दादा गावचे पाटील. गावात काही झालं तर सरकारात जाब त्यांना द्यावा लागे. निजामाच्या राज्यात साधी पिपाणी वाजवायलाही कुणाला तरी सलाम करावा लागायचा, आणि इथे सख्खा भाऊ आभाळात जायला निघालेला. गायरानावर विमान पहिल्यांदा चार पुरुष उंच उठलं आणि खाली आलं, त्या दिवशी सगळं गाव ओरडत होतं आणि दादा एकटे गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, "नान्या, झाली हौस. आता सरकारचा परवाना आण, मग उडव. पाडव्यापातूर परवाना न्हाई आला तर त्ये इंजिन मी हिरीवर बसवतो. पाणी तरी वढंल." दादा एकदा बोलले की बोलले. सोनाकाकूला तेव्हा पाचवा महिना होता. ती उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

परवाना देणार तालुकदारसाहेब, म्हणजे आताचा कलेक्टर. काकाने अर्ज पाठवून महिना झाला होता, उत्तर नाही. मग कळलं, साहेबांचा मुक्काम वडवणीला पडणार आहे. काकाने ठरवलं, विमान घेऊन सरळ मुक्कामावरच उतरायचं. दादांनी एवढ्यापुरती मान डोलावली, कारण साहेबांपुढे गेल्याशिवाय गत नव्हती. "पर एकटा जायचं," ते म्हणाले, "पुढच्या जागेवर वाळूचं पोतं ठिव." पुढे वजन नसलं की विमान नाक वर करायचं, म्हणून रोजच पोतं असायचं. पण अर्जात काकाने लिहिलं होतं, दोन माणसं बसतील असं विमान. तो मला खळ्यावर हळूच म्हणाला, "येमे, पोतं काय सायबाला सलाम करणार हाय का? तुजं वजन पोत्याएवढंच हाय." माझं नाव यमुना, पण ते फक्त लग्नपत्रिकेत छापलं गेलं. मी म्हणाले, "कवा निघायचं?"

आदल्या दिवशी त्याने मला बसवून गायरानावर एक फेरी मारली, दादा बीडला गेले होते ते बघून. त्या फेरीत जे झालं ते इथेच सांगून टाकते. पेट्रोलची टाकी माझ्या पुढ्यातच, तोंडासमोर. तिच्या झाकणाला सुईएवढं भोक होतं आणि विमान उसळलं की त्यातून पेट्रोलचे थेंब माझ्या तोंडावर उडायचे. एक डोळ्यात गेला. त्याहून वाईट म्हणजे केसांना वास लागला, आणि संध्याकाळी वेणी घालताना आईने नाक उडवून विचारलं, "तू कावून वास मारतीस गं?" मी म्हणाले, कापडाला तेल लावत होते. पण सकाळी काकाबरोबर जाऊन परत यायचं आणि आईला कळू द्यायचं नाही, तर ते भोक बंद करायला हवं. कुंकवाखाली लावायचं मेण आईच्या करंड्यात असायचं. त्यातला हरभऱ्याएवढा गोळा मी काढला, पहाटे विमानापाशी गेल्यावर काका चाकं बघत होता तेवढ्यात भोकात दाबून बसवला आणि बोटाने सारखा केला. मला वाटलं, गळती होती, बुजवली. सुतारालाही सुचलं नाही ते मला सुचलं, असाही एक विचार मनात आला.

दादा मळ्यात मोटेवर गेले होते. आईला सांगितलं होतं, काकूबरोबर नदीवर धुणं घेऊन जाते. सोनाकाकूने माझं डोकं ओढणीने करकचून बांधलं आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. ज्ञानबाने पंखा फिरवला. इंजिन दोनदा खोकलं आणि मग असं धडाडलं, की माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. गायरानावरचे खड्डे एकेक करून पाठीत मोजले, आणि मग एकदम खड्डे संपले.

खूप जणांनी विचारलंय, वर कसं वाटलं? आता नातवंडं मुंबईहून विमानाने येतात आणि खिडकीचा पडदा ओढून झोपतात, त्यांना काय सांगणार! मला थंडी वाजत होती. नाकातून पाणी येत होतं. उजव्या हाताला बालाघाटाचे डोंगर पालथ्या घातलेल्या टोपल्यांसारखे, डाव्या हाताला लांब बीड, खंडोबाच्या दीपमाळा दोन बोटांएवढ्या. ज्वारी निघून गेली होती, त्यामुळे रानं गोधडीच्या ठिगळांसारखी, काळी, करडी, मध्येच करडईचा पिवळा तुकडा. काका मागे बसून ओरडत होता, "रस्ता दिसतो का? रस्ता सोडायचा न्हाई!" वडवणीचा गाडीरस्ता खाली पांढऱ्या दोऱ्यासारखा पडला होता आणि आम्ही त्यावरून चाललो होतो. एक बैलगाडी थांबली. बैल उधळले असावेत, कारण गाडीवान आमच्याकडे बघून मूठ दाखवत होता. मी त्याला हात केला.

अर्धी वाट मागे पडली आणि इंजिनाचा सूर बिघडला. आधी एक ठोका चुकला. मग दोन. काका ओरडला, "काय गं?" जसं काही मीच खोकले. मग इंजिनाने मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि बंद पडलं. पंखा समोर आडवा उभा राहिला. ज्ञानबाच्या तासणीच्या खुणासुद्धा त्यावर दिसत होत्या.

इतका वेळ कान भरून गेले होते, आणि आता नुसता तारांतून वारा वाजत होता. खालून कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. कुणीतरी बाई मेंढरांना शिव्या देत होती, तीही शब्द न् शब्द ऐकू येत होती. मी म्हणाले, "काका, आता?" मागून काकाचा आवाज आला, घरात बोलतात तसा, हळू. "घाबरू नगं. इमान इंजिनावर न्हाई, वाऱ्यावर असतंय. नाक खाली धरलं की पळतंय. फकस्त जागा बघू दे." नाक त्याने खाली केलं. माझं पोट वरच राहिलं. समोर ओढा, ओढ्यापलीकडे बाभळी, बाभळींपलीकडे रस्त्याला लागून मोठं सपाट रान, आणि त्या रानात बरोबर मधोमध शे-दीडशे मेंढरं. खतासाठी शेतकरी धनगराची मेंढरं रानात बसवतात, तशी बसवलेली.

"येमे, वरड!" काका म्हणाला.

आम्ही दोघं बेंबीच्या देठापासून ओरडलो. "हटाऽऽ! हटाऽऽ!" खालच्या बाईने वर बघितलं. ती पळाली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. पण तिने खांद्यावरचं घोंगडं ओढलं, गरागरा फिरवलं आणि मेंढरांत घुसली. कळप मधोमध फाटला, जशी पोळी फाटावी. बाभळीच्या शेंड्यांना चाकं खरवडली, काटक्या तोंडावर उडाल्या, मग एक दणका, पुन्हा वर, पुन्हा दणका, आणि ज्वारीच्या धसकटांतून आम्ही खडखडत, हेलपाटत चाललो. मागे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. विमान एका बाजूला वळलं आणि उभं राहिलं. समोर चार हातांवर एक मेंढी उभी होती. ती आमच्याकडे बघत रवंथ करत होती.

काकाने आधी मला उचलून खाली ठेवलं, हातपाय चाचपले, दात मोजल्यासारखं तोंड उघडून बघितलं. तेवढ्यात ती बाई काठी घेऊन आली.

"काय रं मेल्या! तुला आख्ख्या आभाळात दुसरी जागा न्हाई गावली? मेंढरं गाभण हायेत माजी! एक जरी गाबडलं ना, तुज्या ह्या चिमणीचं सरपण करीन!" मग तिला मी दिसले. काठी खाली आली. "अगं बया! लेकरू बी हाय?" तिने माझ्या तोंडावरचे बाभळीचे काटे एकेक करून काढले. नाव बायजाबाई. नवरा बिरू बाजाराला गेला होता. विमान म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. "भूक लागली आसंल," एवढंच म्हणाली आणि तीन दगडांची चूल पेटवायला बसली.

काका विमानाभोवती फिरत होता. शेपटीखालचं टेकण मोडलं होतं, एका चाकाचे आरे वाकले होते. बाकी सगळं धड. मग त्याने टाकीचं झाकण उघडलं, आणि फुस्स करून आवाज झाला. त्याने आत काडी घालून बघितली. "पेट्रोल तर अर्ध्याच्या वर हाय," तो स्वतःशीच म्हणाला. झाकण लावलं, मला खालून दांडी धरायला सांगितली, पंखा फिरवला. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. त्याने ते बंद केलं आणि धसकटात बसून राहिला. काही मोडलं असतं तर त्याला इतकं वाईट वाटलं नसतं. काहीच मोडलेलं नव्हतं.

पण मी तो फुस्स आवाज ऐकला होता. पपईच्या पोकळ देठाने आम्ही पोरी पाणी खेळायचो. देठ पाण्यात बुडवायचा, वरचं तोंड बोटाने दाबायचं आणि उचलायचा. बोट असेतोवर थेंब पडत नाही. बोट काढलं की धार. वरून वारा आत गेला तरच खालून पाणी येतं. माझ्या बोटाला अजून मेणाचा चिकटपणा होता. बायजाबाईने हातात दिलेलं शेळीचं दूध मला गिळवेना.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. तालुकदारसाहेबांची मोटार. ते बीडहून वडवणीला मुक्कामावरच निघाले होते, आणि काकाने सगळा वेळ त्यांचाच रस्ता धरलेला. साहेब उतरले. पांढरी दाढी, काळी शेरवानी, हातात छडी. मागे पेशकार आणि दोन जवान. साहेबांनी विमानाला एक फेरी घातली, पंखावर टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. त्यांना तो आवडला असावा, कारण त्यांनी पुन्हा मारली.

"किसने बनाया?"

"मैंने, हुजूर. अर्जी दिया था." काका हात जोडून उभा. डोक्यात बाभळीचा पाला.

"अच्छा, वो तुम हो. गिरा क्यूँ?"

"गिरा नहीं हुजूर, उतारा. इंजन बंद पड़ गया."

"क्यूँ बंद पड़ा?"

काका खोटं बोलू शकला असता. ऊन, धूळ, काहीही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "मालूम नहीं, हुजूर."

साहेबांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मियाँ, काम अच्छा है. मगर जो मशीन बगैर वजह बंद पड़े, उसका परवाना मैं कैसे लिख दूँ? कल किसी के घर पर गिरेगी." आणि ते मोटारीकडे वळले. काकाने विमानाच्या पंखावर हात ठेवला आणि तो हात तसाच राहिला. मला आमची विहीर दिसली, तिच्यावर बसवलेलं इंजिन दिसलं, आणि परसात पाठमोरी उभी असलेली सोनाकाकू.

"सायेब!" मी ओरडले. दुधाचा वाडगा सांडला. "काकाचं इंजिन चांगलं हाय! म्या बंद पाडलं!"

साहेबांना मराठी कळायचं, बोलायचे उर्दूत. ते थांबले. मी झाकण काढून आणलं आणि तोंडात येईल तसं सगळं सांगितलं, थेंब, आईची वेणी, करंडा, कुंकवाचं मेण, पपईचा देठ. सांगताना रडू येत होतं ते काकाच्या तोंडाकडे बघून. तो कधी माझ्यावर हात उगारेल असं वाटलं नव्हतं, पण आता उगारला तर मी तिथून हलणार नव्हते.

काकाने माझ्या हातातून झाकण घेतलं. उन्हाकडे धरून एका डोळ्याने बघितलं. बायजाबाईच्या कुंपणाचा एक काटा मोडून भोकात घातला. मेण बाहेर आलं. आणि काका हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग त्याने मला उचलून गरगर फिरवलं. "वजह है, हुजूर! वजह है! येमे, तू कावून न्हाई सांगितलंस गं आधी? चांगलं हाय माजं इंजिन! लई चांगलं हाय!" मेंढरं पुन्हा पांगली आणि बायजाबाईने पुन्हा शिव्या सुरू केल्या.

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला होता, पण खांदे हलत होते. मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून पेशकाराने परवाना लिहिला. सध्या एका वर्षाचा, दुसरं माणूस बसवण्याला आणखी तपासणी होईतो मनाई. सही करताना साहेब म्हणाले, "और ये भी लिखो, टंकी के ढक्कन को लड़की हाथ न लगाए." पेशकाराने खरंच लिहिलं. तो कागद पुढे कितीतरी वर्षं सोनाकाकूच्या ट्रंकेत होता.

मला न्यायला पुढच्या गावातून गाडी पाठवतो म्हणून साहेब गेले. काकाने बाभळीच्या फांदीचं टेकण बसवलं, आऱ्यांना सुतळीचे वेढे दिले, माझ्या जागेवर बायजाबाईच्या लेंडीखताची गोणी बांधली. तिने आणि मी मिळून शंभर पावलं धसकटं उपटली. विमान उठलं, आमच्या डोक्यावरून एक फेरी घालून पालीकडे गेलं. मी ते उडताना खालून नीट बघितलं ते त्या दिवशीच. फार आवाज करत होतं.

बायजाबाईने भाकरी, ठेचा आणि दूध पुढे केलं. या वेळी सगळं गिळलं. दुसरी भाकरी चालू होती तेव्हा रस्त्यावर घोडं दिसलं. दादा होते. सकाळी मळ्यावरून विमान गेलं तेव्हा त्यांना त्यात दोन डोकी दिसली होती. पोत्याला डोकं नसतं. तिथूनच त्यांनी घोड्यावर मांड टाकली होती. आणि आता वाटेत तेच विमान उलट येताना त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि त्यात एकच डोकं होतं.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी भाकरीचा घास घेऊन उठले आणि म्हणाले, "दादा, जेवता का?"

ते घोड्यावरून उतरले. माझ्याकडे यायला निघाले, दोन पावलं टाकली आणि मध्येच धसकटात खाली बसले. माझा पाटील बाप, ज्याच्यासमोर गावात कुणी खाटेवर बसत नसे, तो मेंढरांत मांडी मोडून बसला होता आणि उपरण्यात तोंड घालून श्वास घेत होता. बायजाबाई मला म्हणाली, "जा की गं. जवळ जा." मी जाऊन बसले. त्यांनी माझा पाय धरला, घोट्याजवळ, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्या हातातली उरलेली भाकरी घेऊन खाल्ली.

गाडीची वाट न बघता आम्ही घोड्यावरून निघालो, मी पुढे. मी घरी आईला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. ऊन कलायला लागलं आणि डोंगराच्या सावल्या रस्त्यावर आल्या तेव्हा मागून आवाज आला.

"वरून आपला मळा कसा दिसतो गं?"

मी सांगायला लागले. विहीर कशी दिसते, मोट कशी, आंब्याचं झाड वरून कसं गोल दिसतं. सांगता सांगता हुरूप आला.

"मी दिसलो का?"

खरं म्हणजे मळ्यावरून जाताना मी डोळे गच्च मिटून मारुतीचं नाव घेत होते. पण त्यांनी इतक्या हळू विचारलं होतं, की नाही म्हणवेना. "दिसले की! फेटा दिसला. तुमी मला हात केला, त्यो बी दिसला."

घोडं चार पावलं चाललं.

"हात कुठं केलता," दादा म्हणाले, "धोंडा उचललता नान्याला मारायला."

मी मान वळवून भीत भीत बघितलं. दादांच्या मिशा थरथरत होत्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांच्या हसण्याने माझी पाठ हलत होती, आणि घोडं कान मागे टाकून रस्त्यातच उभं राहिलं.